पुडीतलं गवत

छ्यूलानच्या बाबांना,

मी इथं ग्वांगचौमध्ये बरी आहे, दोन घास जेवते. तुमचा खोकला कसा आहे? बदकं संध्याकाळी आत घेता ना?

वैद्यांनी काढा सुरू केलाय. छ्यूलान रोज शेगडीवर उकळते आणि म्हणते, "आई, नाक दाब आणि पी. साधी गाठ आहे, विरघळली की घरी." खोटं बोलताना तिचा आवाज कापतो. त्या बाबतीत ती तुमच्यावर गेली नाही.

काल तिच्याआधी मीच पुडी उघडली. आत सापजिभीचं गवत. तीस वर्षं आपण दोघांनी बांधावर बसून तेच उपटलं, वाळवलं. ते कुठल्या दुखण्याला जातं, हे पोती न्यायला येणारा व्यापारी दरवेळी सांगायचा. अंडाशयाचा कॅन्सर म्हणायला तुम्हा बापलेकीची जीभ रेटत नव्हती, तर निदान पुडी तरी लपवायची.

त्याहून वाईट पुढे आहे. चिमूटभर हातावर घेऊन पाहिलं. सापजिभीला पानाच्या बगलेत एकेकटं बोंड असतं. ह्याला झुबके होते. पोतं भरेना की ओढ्याकाठचं तसंच दिसणारं बिनकामाचं गवत आपण मिसळायचो, तेच हे. "कोण बघतंय?" असं तुम्ही म्हणायचात, आणि मी हसायचे.

मी बघितलं.

छ्यूलानला काही बोलले नाही. ती फार मन लावून उकळते. म्हणून पिते. या मोसमात तुम्ही ओढ्याकडे जाऊ नका.

आपल्याच हातचं पिणारी,
छ्यूलानची आई