भास्करची तुरटी

२ नोव्हें., रविवार
दाढी करून आलो. हनुवटीखाली आग होते आहे. तुरटी फिरवली की चुरचुरतं ते वेगळं, ते मला आवडतं. ही आग घरी आल्यावरही गेली नाही. आरशात पाहिलं तर लाल ठिपके. भास्करला त्याच्या दुकानातच दाखवले होते. म्हणाला, "काकाजी, वांगे खाल्ले असतीन. गरमी हाय ते." वांगी खाल्ली होती हे खरं. वनिता माहेरची दिवाळी करून नाशिकला गेली तेव्हापासून एकच भाजी दोन्ही वेळा खातो.

५ नोव्हें., बुधवार
ठिपक्यांचे फोड झाले. टोकाला पिवळं. तरी दाढीला गेलो, कारण बुधवार. यमुना देवाघरी गेल्यापासून रविवार आणि बुधवार हे दोनच वार मला कळतात. भास्करचा हात गालावर असतो तेवढा वेळ मी डोळे मिटून बसतो आणि तो म्हशीचं सांगतो, सासऱ्याचं सांगतो, आसेगावात कोणाच्या घरी काय शिजलं ते सांगतो. मग विचारतो, "उलटा हात मारू का?" मी दर वेळी हो म्हणतो. गाल काचेसारखा झाला नाही तर दाढी केल्यासारखं वाटत नाही. आजही हो म्हणालो. रक्त आलं. त्यावर तुरटी. माझ्यानंतर देवराव खुर्चीत बसला.

७ नोव्हें.
कपाटात जावयाची ट्यूब सापडली, तो खाजेला लावतो ती. काल लावली होती. सकाळी लाली गेलेली. उगीच घाबरलो होतो.

९ नोव्हें., रविवार
उगीच नव्हतो घाबरलो. दुपटीने आले, मानेपर्यंत. उशीच्या खोळीला डाग. दाढीला गेलो नाही.
महारोग असा सुरू होतो का? चिमटा काढून पाहिला, दुखतं. सातवीच्या पुस्तकात होतं, त्यात चामडी बधिर होते. म्हणजे तो नाही. मग दुसरं काय? कॅन्सर गळ्यापासूनच सुरू होतो म्हणतात. वनिताला फोन केला. "बाबा, फोटो पाठवा बरं. अन् उद्याच्या उद्या दवाखान्यात जा, माह्यासाठी थांबू नका." फोटो काढला तर छताचा आला. पाठवला तोच. ती हसली. मलाही हसू आलं, पण फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

१० नोव्हें., सोमवार
एसटीने मंगरुळपीर. दवाखान्यात बाकावर बाजूला एक बाई बसली होती, माझ्या मानेकडे पाहून तिने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. त्यात तिची चूक नाही. मीही घेतलं असतं.
डॉ. बाई वयाने वनिताएवढी. बॅटरी लावून पाहिलं, बोट लावून पाहिलं. बोट लावलं, हे लिहून ठेवतो.
"आजोबा, प्रत्येक फोडाच्या मधोमध एक केस आहे. दिसला का तुम्हाला?"
नव्हता दिसला. दररोज आरशात पाहतो आणि नव्हता दिसला. इंग्रजी नाव लांबलचक आहे. ती म्हणाली, मराठीत केसतूड म्हणा, फक्त एक नाही, पुष्कळ. केसाच्या मुळाशी जंतू गेले. महारोग नाही, कॅन्सर नाही, वांगंही नाही. बोट टोचून साखर पाहिली, बरी निघाली. ट्यूब दाखवली तर म्हणाली, "हिच्याने लाली दबते आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. फेकून द्या."
मग विचारलं, दाढी कोण करतं. ब्लेड नवं लावतो का. म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत लावतो, कागद फाडून. "आणि तुरटी?" सांगावं लागलं. तुरटी एकच. आरशाखाली वाटीत असते, ओली, सगळ्यांच्या गालावरून फिरून मधोमध खोलगट झालेली. टॉवेलही एकच. ती म्हणाली, बहुतेक तिथूनच आलं. शिवाय उलटा हात मारला की केस चामडीच्या आत कापला जातो, वाढताना आतल्या आत वळतो आणि मूळ सुजतं. उलटा हात मीच मारायला लावतो, हे मी तिला सांगितलं नाही. भास्करचं नावही नाही सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं.
दाढी बंद. दोन आठवड्यांनी दाखवायचं. मी म्हटलं, "म्हणजे बुधवारी नाही?"
"बुधवारी काय आहे?"
चिठ्ठी घेऊन उठलो.

११ नोव्हें.
गरम पाण्यात फडकं बुडवून पिळायचं, सोसेल तेवढं गरम, फोडावर धरायचं. दिवसातून तीनदा. मग साध्या साबणाने धुवायचं, घासायचं नाही. मग मलम, पातळ, सकाळ संध्याकाळ. फोडायचं नाही, कितीही हात वळवळला तरी. खोळ आणि टॉवेल गरम पाण्यात. ताप आला किंवा मोठी गाठ झाली तर लगेच यायचं. दर तासाला कपाळाला हात लावून पाहतो. हात गरम की कपाळ, कळत नाही.
फडकं यमुनाच्या सुती लुगड्याचं. गालावर धरलं की डोळे आपोआप मिटतात. पण बोलणारं कोणी नाही. रेडिओ लावून पाहिला, तो म्हशीचं सांगत नाही.

१२ नोव्हें., बुधवार
दुकानासमोरून गेलो नाही. शाळेच्या मागच्या गल्लीने किराण्याला गेलो. भास्करला काय सांगू? तुझ्या तुरटीने झालं, असं? दुकानात चार जण बसलेले असतात. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. पोट त्याचं त्या खुर्चीवर. आणि मला पुन्हा तो खुर्चीत बसू देईल का? नाही सांगितलं तर बाकीच्यांच्या गालावर तीच तुरटी. दोन्हीकडून

(इथे चहा उतू गेला.)

१५ नोव्हें.
खुंट पांढरे टोचतात. फोड थोडे सुकले. देवराव किराण्यापाशी भेटला.
"काहून बे किसना, सुतक हाय का कोनाचं?"
"नाही."
"मंग दाढी कायले वाढवली? साधू होऊन राह्यला का म्हातारपनी?"
तोंडातून निघून गेलं, नवस आहे, पोहरादेवीचा. वनिताच्या पोरीच्या नोकरीचा. नात अजून बारावीत आहे. देवराव एकदम गंभीर झाला, हात जोडले. आता त्याच्यामुळे गावाला कळणार आणि माझ्यामुळे देवीला.

१६ नोव्हें., रविवार
बसून होतो. देवीच्या नावाने खोटं बोललो. खोटा नवस फेडावा लागतो का? कोणाला विचारायचं? विचारलं तर खोटा होता हे कळेल. देवीच्या फोटोकडे पाहिलं नाही. दिवा लावला, खाली मान घालून.

१८ नोव्हें.
भास्कर घरी आला. तो कधी येत नाही. हातात डबा, त्याच्या बायकोने खरवस दिला, म्हैस व्यायली म्हणून. मला म्हैस व्यायल्याचं माहीत नव्हतं. गावात सगळ्यात आधी मला माहीत असायचं.
बाजेवर बसला. "नवस धरला तं सांगाचं नाई का काकाजी? म्या म्हनलं बुढा नाराज झाला माह्यावर. बायकोले म्हनलं, हात लागला असन काई."
मी म्हटलं, तसं नाही रे.
"अन् हे पाहा, नवसाची दाढी देवीपाशी उतरवाची असते. तिथं कोनत्या बी न्हाव्याच्या हातात मान देऊ नका. म्या येतो संगं. वस्तरा घेऊन. दुकान बंद ठेवतो एक दिवस, काय होते?"
दुकान तो दिवाळीलाही बंद ठेवत नाही.
मी मान मफलरमध्ये घातली होती. त्याने फोड पाहिले नसावेत. जाताना म्हणाला, "दिवस ठरवा." खरवस गोड होता. झाकून ठेवला.

२० नोव्हें.
आज मागची गल्ली बंद, नाली खोदत आहेत. नाइलाजाने दुकानासमोरून गेलो. देवराव दाढी करून उतरत होता. त्याच्या जबड्याखाली तेच. लाल ठिपके, ओळीने. मधोमध केस आहे का ते मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच पाहिलं. तो म्हणाला, "काय पाह्यतं बे? वांगे खाल्ले कालच्याले."
म्हणजे सांगावंच लागेल. देवरावसाठी मी एवढं करीन असं कधी वाटलं नव्हतं.

२२ नोव्हें., शनिवार
भर दुपारी गेलो, दुकानात कोणी नसतं तेव्हा. तो खुर्चीत बसून जेवत होता. उठायला लागला, म्हटलं बस. मफलर काढला. सगळं सांगितलं. डॉ. बाई, केस, जंतू, टॉवेल, तुरटी. उलटा हात मी मारायला लावतो हेही. देवरावच्या जबड्याचंही.
त्याने वाटीतली तुरटी उचलली, उलटीपालटी करून पाहिली. मला वाटलं, आता फेकून मारतो.
"ब्लेड तं म्या नवं लावतो."
"हो."
"सगळ्याइले."
"हो रे भास्कर."
त्याने तुरटी परत वाटीत ठेवली. मग विचारलं, "नवस?"
म्हटलं, नाही. नवस नाही.
तेव्हा त्याचं तोंड उतरलं. तुरटीचं ऐकून उतरलं नव्हतं. "देवीचं नाव घेऊन म्या घरी बायकोले सांगतलं. तिनं ओटी काढून ठेवली तुमच्या नातीसाठी. तुरटीचं राहू द्या काकाजी, दोन रुपड्याची चीज हाय ते. मले सांगाले का झालं होतं? मागच्या गल्लीनं जाता! म्या का वाघ हाय?"
मी म्हटलं, तू बसू दिलं नसतं तर.
"कायच्यावर?"
खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याने डबा बंद केला. अर्धी भाकर तशीच होती. मी निघालो, त्याने थांबा म्हटलं नाही.

२३ नोव्हें., रविवार
शेक तीनदा. मलम दोनदा. फोडांच्या खपल्या पडल्या, खाली चामडी गुलाबी. वनिताला सांगितलं बरं आहे. म्हणाली, "आवाज काहून असा?" म्हटलं, थंडी.
देवीच्या फोटोकडे पाहिलं आज.

२४ नोव्हें., सोमवार
मं.पीर. डॉ. बाई खूश. "छान. दाढी करायला हरकत नाही, पण रोज नको. आधी गरम पाण्याने भिजवायची. केस वाढतो त्या बाजूनेच हात, उलटा नाही. टॉवेल तुमचा, तुरटी लागलीच तर तीही तुमची." पुन्हा येऊ शकतं म्हणाली. आलं की आरशात वाट पाहत बसायचं नाही.
बाजारातून छोटा टॉवेल घेतला, निळा. तुरटीचा खडाही.
एसटी दुकानासमोर थांबते, तिथे माझा इलाज नाही. उतरलो. भास्कर कोणाची तरी कटिंग करत होता. आरशाखाली पाहिलं. वाटी नव्हती. त्याच्या खांद्यावर तो टॉवेलही नव्हता. वाटी आत धुवायला गेली की रागाने उकिरड्यावर, कळायला मार्ग नाही. कैचीचा आवाज तेवढा चालू. पाठमोराच बोलला.
"काय म्हने डाक्टरीन?"
"हरकत नाही म्हणे. सुलटा हात."
कैची थांबली. पुन्हा चालू झाली.
"बुधवारी या."
एवढंच. खुर्चीतल्या माणसाने आरशातून माझ्याकडे पाहिलं, भास्करने नाही.

२५ नोव्हें., मंगळवार
दाढी आता मऊ झाली आहे, बसल्या बसल्या हात जातो. ओटीचं काय करायचं? त्याची बायको काय म्हणत असेल? तो या म्हणाला ते दाढीला, की चार माणसांसमोर हिशोब करायला? आवाज रागाचा नव्हता. पण गोडही नव्हता. गिऱ्हाइकासमोर कोणालाही म्हणतो तसा होता.
टॉवेल धुऊन वाळवला. त्यात तुरटी गुंडाळली. पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली.
बुधवारी या म्हणाला. कोणत्या, ते मी विचारलं नाही.