डॉ. नाबरांशी स्पष्ट बोलणे

सोमवार, ६ जानेवारी
सकाळी भूलतज्ज्ञ डॉ. प्राची ऑफिसात आल्या. दार लावून घेतलं. म्हणाल्या, शनिवारी डॉ. नाबरांनी उजव्या हर्नियासाठी डाव्या बाजूला चाकू टेकवला. प्राचींनी त्यांचा हात धरला म्हणून निभावलं. वर नाबरांनी यांनाच सगळ्यांदेखत झापलं. हातही थरथरतो म्हणे. चौकशी होईपर्यंत त्यांची ऑपरेशनं थांबवा, एवढीच मागणी.
रास्त आहे. लालबागच्या या धर्मादाय रुग्णालयाचा मी अध्यक्ष. एकेकाळी गिरणीच्या गेटवर भाषणं करून मालकांना घाम फोडलेला माणूस. उद्या नाबरशी स्पष्ट बोलणार. मुद्दे तयार. सुरुवात ग्रीक लोकशाहीपासून करावी.

मंगळवार, ७ जानेवारी
नाबरच्या केबिनमध्ये गेलो. दारातच ओरडला, "ये रे रघ्या, प्रोस्टेट काय म्हणतंय तुझं?" नर्स हसल्या. ज्याने आपल्याला त्या अवस्थेत तपासलंय, त्याच्यासमोर एकदम तत्त्वावर येणं जड जातं. चहा झाला. त्याचा बशीत सांडला. मग मीही माझा कप जरा हलवून बघितला. सांडला. म्हणजे सगळ्यांचाच सांडतो.
विषय निघाला नाही. वातावरण मात्र तयार झालं.

गुरुवार, ९ जानेवारी
प्राचींनी विचारलं, पुढे काय झालं. म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. वाक्य छान जमलं. त्या म्हणाल्या, "सर, टेबलावर प्रक्रिया झोपत नाही, पेशंट झोपतो."
तरुण पिढी उतावळी.

शनिवार, ११ जानेवारी
समिती नेमली. मी आणि खजिनदार रामचंद्र. रामचंद्र म्हणाला, "बोलायचं खातं तुमचं, रघुनाथराव. माझ्या नातीचा साखरपुडा आहे." एकमताने मंजूर.

मंगळवार, १४ जानेवारी
आज बोलणारच होतो. पण संक्रांत निघाली. नाबरच तिळगूळ घेऊन समोर आला. सणाच्या दिवशी कडू विषय काढू नये. दोन लाडू खाल्ले.

बुधवार, १५ जानेवारी
सुचलं! सत्कार! थांबा म्हणण्याचा आपल्याकडचा हाच सभ्य मार्ग. शाल, श्रीफळ, मानपत्र. पुढचं काय ते माणूस आपण होऊन समजतो. भाषणातून सगळं सांगेन. प्राचींना योजना ऐकवली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात.

गुरुवार, १६ जानेवारी
येत्या मंगळवारी नाबरकडे बायकोचं, मीराचं, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ते माटुंग्याला हलवलं. तिथे पार्किंग चांगलं आहे, एवढंच कारण. मीरा म्हणाली, "अहो, आपल्याकडे गाडी कुठाय?"
हिला तपशिलात शिरायची फार सवय.

रविवार, १९ जानेवारी
सत्कार. तासभर बोललो. 'या हातांनी हजारोंचे प्राण वाचवले, आता या हातांत नातवंडं खेळावीत' या वाक्याला टाळ्या थांबेनात. नाबरच्या डोळ्यांत पाणी. उठून म्हणाला, "रघ्याने माझं वय दहा वर्षांनी कमी केलं! आणखी पाच वर्षं चाकू सोडत नाही!" पुन्हा टाळ्या. त्यातल्या काही माझ्याच. प्राची मागच्या रांगेतून उठून गेल्या.
जिन्यात सुंदराबाई भेटल्या. वरळी कोळीवाड्यातल्या, मासे विकतात. पित्ताशयात खडे आहेत, पण वर्षभर ऑपरेशनला घाबरत होत्या. "सायेब, तुमचा भाषन ऐकला नि भ्याव गेला." मंगळवारची मीराची तारीख मोकळीच होती. ती त्यांना मिळाली.
मी म्हटलं, छान.

मंगळवार, २१ जानेवारी
सकाळी माटुंग्यात मीराला आत नेत असताना प्राचींचा फोन. "मी नाबरांच्या टेबलाशी उभी राहणार नाही म्हटलं, तर त्यांनी बाहेरून दुसऱ्याला बोलावलंय. सर, अजून थांबवता येईल. तुम्ही एक फोन करा."
म्हटलं, मी कुटुंबासोबत आहे. नंतर बोलू.

दुपारी : मीरा शुद्धीवर आली. उत्तम आहे.

संध्याकाळी : सुंदराबाईंची पित्तनलिका कापली गेली. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात हलवलंय.

गुरुवार, २३ जानेवारी
नाबरच्या केबिनमध्ये उभ्यानेच म्हटलं, "जयवंत, आता ऑपरेशनं बंद कर." चहा येण्याआधी संपलं. ग्रीक वगैरे काही लागलं नाही.
त्याने वाद घातला नाही. स्वतःचे हात टेबलावर पालथे ठेवले. मग म्हणाला, "मला कळत होतं रे. रविवारी मीच जाहीर करणार होतो, बास आता म्हणून. मग तू बोलायला लागलास. वाटलं, रघ्या खोटं बोलणार नाही. मलाच भास होत असणार."

संध्याकाळी : आयसीयूबाहेर गेलो. सुंदराबाईंची मुलगी तेजस्वी बाकावर होती. सगळं सांगायचंच ठरवून गेलो होतो. मीराची तारीख, प्राचींचा फोन, सगळं. ती सरकली. "बसा काका. हॉस्पिटलच्या मंडळातून तुम्ही एकटेच आलात. आई अजून डोळे उघडत नाही."
मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिला वाटलं, भाषणं करून माझा घसा बसलाय. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली.
मी पाणी प्यायलो.