दुसरबीडला अर्धा राहिलेला पिच्चर

बाबा, तो पिच्चर इंग्लिश नव्हता, जर्मन होता. तुम्ही जिवंत असताना तुमची चूक दाखवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आता सांगते. मी बुलढाण्यात जर्मन शिकवते, आणि देशोदेशीचे लोक वाचतात अशा एका संकेतस्थळावर पाहण्यासारख्या जर्मन सिनेमांची शिफारस करते. लोक विचारतात, युद्धाचे सोडून काही आहे का? मी त्यांना विनोदी सांगते, प्रेमाचे सांगते, म्हाताऱ्यांच्या भांडणांचे सांगते. युद्धाचा मात्र जो सगळे नावाजतात, तो मी वर्षानुवर्षं टाळत आले. या महिन्यात वाचकांनी नेमका तोच धरला. पाहायचा की नाही, एकदाचं सांगा म्हणाले. मी तो पुरता पाहिलाच नव्हता, आणि तेही तुमच्यामुळे.

दुसरबीडला आपल्या ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचा व्हिडिओ चालायचा. कॅसेट जालन्याहून यायची, गोरी माणसं दिसली की तो इंग्लिश, आणि तुम्ही टीव्हीशेजारी उभं राहून अख्खा पिच्चर आपल्या बोलीत बोलायचात. एक अक्षर कळत नव्हतं, पण तुमचं कधी अडलं नाही. "पाह्य, आता डोस्कं फोडते त्याचं!" म्हणायचात, आणि ते फुटायचंही. लोक शिट्या मारायचे, मीही मारायची. खोटं कशाला बोलू, तुमच्यासारखा बोलणारा मी नंतर कुठे ऐकला नाही.

हा पिच्चर लावलात त्या दुपारी पडद्यावर एक शिपाई चिखलात पडलेल्या माणसाला बंदुकीच्या दस्त्याने ठेचतो आहे. त्याचं तोंड वेडंवाकडं झालंय. तुम्ही ओरडता, "मर्द गडी! हासून राह्यला पाहा!" आई चहाची किटली घेऊन दारात उभी आहे. ती सहज बोलून जाते, "हासून नाही राह्यला तो. रडून राह्यला." लोक हसतात, आणि यावेळी तुम्हाला हसतात. तुम्ही कॅसेट बाहेर काढली आणि आईच्या कानशिलावर हाणली. पुन्हा हाणली. प्लॅस्टिक फुटलं, फीत तिच्या गळ्यात गुंतली, ती फीत धरूनच तुम्ही तिला खाली ओढलं आणि पोटात लाथा घातल्या. किटली तिच्या मांडीवर उलटली. कानातून रक्त येत होतं. कुणी उठलं नाही. एकजण म्हणाला, "ओ भाऊ, पिच्चरचं काय?" तेव्हा तुम्ही धापा टाकत वळलात आणि शेवट तोंडीच सांगितलात: "शिपाई घरी जाते. बायको दरवाजात पाणी घेऊन उभी राह्यते. खतम." लोक समाधानाने घरी गेले. मला तुमचा जीव घ्यायचा होता, बाबा. घरात विळा कुठे ठेवलाय, ते मी आठवत होते.

परवा आईला शेजारी बसवून तो पिच्चर लावला. तिचा डावा कान त्या दिवसापासून गेला तो गेलाच, म्हणून उजवीकडे बसले आणि एकेक वाक्य तिला आपल्या बोलीत सांगत गेले. शिपाई खरंच घरी जातो. दार बंद आहे. आधी तो हाका मारतो, मग लाथा घालतो, मग दारावर डोकं आपटतो, कपाळ फुटून रक्त उंबऱ्यावर येईपर्यंत. बायको आत बसून असते. उठत नाही. तिथेच संपतो पिच्चर.

"नाही उघडलं ना?" आईनं विचारलं.

"नाही."

"बरं केलं तिनं." आणि ती ज्वारी निवडायला गेली.

मी वाचकांना लिहिलं: जरूर पाहा, मध्येच उठू नका. यातला मार पाहताना मजा येत नाही, आणि म्हणूनच तो पाहावा. त्या बायकोचं मी तोंडभरून कौतुक केलं. ते सगळं खरंच आहे, पण पुरतं नाही. उरलेलं त्यांना लिहिता आलं नाही, आईला तर सांगूच शकत नाही, म्हणून हे कुठेच न जाणारं पत्र. तो माणूस दारावर डोकं आपटत होता तेव्हा मी आईचा हात घट्ट धरून बसले होते, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: उघड ना गं, एकदा उघड.