सहा नंबरचा सेन्सर

३ एप्रिल

पावसाचा सहावा दिवस. मुरमाचा रस्ता उरलाच नाही, नुसता लाल रबडा. आठही पोरी चोवीस किलोमीटर धावून आल्या, गुडघ्यापर्यंत सगळ्या एकाच रंगाच्या. बुटाच्या नाडीवरचे सेन्सर बोटाने चिखल खरवडून शोधावे लागले. परदेशी कंपनीला हेच तर बघायचंय — आमच्या इटेनच्या पावसाळ्यात हे तग धरतात का. कोच त्यांच्याच आकड्यांवरून इटलीच्या डोंगरी शर्यतीसाठी तिघी निवडणार. आणि मी? सेन्सर गोळा करा, पुसा, चार्जिंगला लावा, वर आठ जणींसाठी मक्याच्या पिठाची उगाली घोटा. कंबर मोडली.

बाकीच्या सेन्सर काढून देतात आणि आपापले बूट घासतात. ते सात मी ओल्या फडक्याने पुसते. जेसांगचा मात्र बुटासकट धुते — गरम पाणी, साबणाची पूड, ब्रश. आई गेल्यावर मीच वाढवलेली बहीण ती. तिने मळके बूट घालावेत हे मला बघवत नाही. मग चुलीजवळ वाळत ठेवते.

७ एप्रिल

पाऊस. पाठ. बाकी काही नाही.

११ एप्रिल

सात सेन्सरांवर चोवीस किलोमीटर, जेसांगच्या सहा नंबरवर एकोणीस. आणि आली ती सगळ्यांच्या आधी चार मिनिटं! कोच बार्नगेतुनी आकड्याकडे बघत राहिला. "धुक्यात चुकली असेल," म्हणाला. हसला नाही.

१५ एप्रिल

आज सतरा. जेसांग पुढे निघून जाते, धुक्यात कोणाला दिसत नाही. मागून मोटारसायकल न्यावी तर चाक रुततं. कोचने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सालिना, सात सेन्सर चिखलात बुडूनही खरं सांगतात. तुझ्या बहिणीचा सगळ्यांत लखलखीत, आणि तोच खोटं बोलतो? कुठेतरी पाणी मुरतंय. जंगलात लाकूडतोड्यांची आडवाट आहे, मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, दुसरा सेन्सर लावून बघा. तर म्हणे कंपनीचा नियम, जिचा नंबर तिचाच महिनाभर. पुढे काय बोलणार? आठही माझ्याच हातून जातात. माझ्या हाताने बिघडायचे तर आठही बिघडले असते.

१८ एप्रिल

शेवटी विचारलंच. जेसांग जेवत होती. "खरं सांग, आडवाटेने येतेस का?"

घास हातातच राहिला. "तुला काय वाटतं, ताई?"

"आकडा कशाला खोटं बोलेल?"

तिने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "तर मग तसंच समज." उठली, हात धुतला, गेली. ताटात निम्मी उगाली तशीच.

राग आला. रागापेक्षा लाज जास्त. आमच्या घरात आजवर कोणी अंतर चोरून पळालेलं नाही. तिचे बूट आज धुतले नाहीत.

२३ एप्रिल

यादी लागली आणि तशीच इटलीला रवानाही झाली. जेसांग नाही. वर कोचने सगळ्यांसमोर सांगितलं, फसवणारीला या कॅम्पात जागा नाही. पोरी माझ्याशीही जपून बोलतात.

२४ एप्रिल

जेसांग सकाळच्या मटाटू गाडीने खाली दरीत गावी गेली. मी फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही. फार थकले आहे.

३० एप्रिल

कंपनीचा माणूस आला नैरोबीहून, वाफुला म्हणून. कोच एल्डोरेटला गेलेला. वाफुलाने स्वयंपाकघराच्या टेबलावरच एकेक सेन्सर उघडला. चिखलाचा कण नाही कशात. खूश होता. मग सहा नंबर उघडला. आत थेंबभर पाणी, कडेला पांढरी पूड.

"साबण आहे," म्हणाला. "गरम पाण्याने नि साबणाने रबराचं वॉशर सैल झालं, मग पाणी आत. पावलं मोजायचीच राहून गेली असणार. कोणीतरी फार मायेने धुतलाय हा."

मी चहा ओतत होते. ओतत राहिले, तो टेबलावर सांडेपर्यंत.

"कंपनीच्या अहवालात साबण लिहितो," तो म्हणाला. "कोणी धुतला ते शोधणं माझं काम नाही."

१ मे

कोच परत आला. त्याच्यासमोर दोनदा उभी राहिले. दोनदा उगालीचं पीठ संपल्याचं सांगून परत फिरले. यादी गेलीच आहे. आता सांगून जेसांगला जागा मिळणार थोडीच? माझं काम जाईल तेवढं. अडतिसाव्या वर्षी, या गुडघ्यांनी, दुसरीकडे मला कोण ठेवणार? उद्या सांगेन.

२ मे

नाही सांगितलं.

३ मे

गावी गेले. जेसांग मक्यात खुरपत होती. सगळं सांगितलं — साबण, पूड, वाफुला. तिने खुरपं थांबवलं नाही. "मला माहीत होतं, ताई. कानाशी हलवला की आत पाणी वाजायचं."

मग बोलली का नाहीस?

"कोचने तुला काढलं असतं. आणि तुला एकटीला सांगितलं असतं, तरी तू त्याच पावली जाऊन कबूल केलं असतंस. तुला मी ओळखत नाही का?"