पाण्याला तिकडे काय म्हणतात

माय, तू विसरली असशील. मी कोण, हेही एखादवेळी विसरली असशील, कारण विसरण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. रंगूनला जायला निघालो तेव्हा जात्याचे दोन्ही दगड तू गोणपाटात बांधून घेतलेस आणि खुंटा मात्र चुलीजवळ ठेवून आलीस. नागपूर मागे गेल्यावर तुला आठवलं. बाबा डब्यात डोक्याला हात लावून बसले. "दगड घेतले अन् खुंटा काऊन नाई घेतला वो?" तू म्हणालीस, "मी दगड आठवले, तुमी खुंटा आठवाचा. सारं म्याच आठवाचं काय?" डब्यातली परकी माणसंसुद्धा हसली. मग रंगूनच्या वखारीतल्या सागवानाचा एक खुंटा बाबांनी तासून आणला, साहेबाच्या बंगल्याला शोभेल असा गुळगुळीत. जवारी काही मिळेना, म्हणून तू त्या जात्यावर तांदूळ दळलेस आणि रोज त्या तांदळालाच बोल लावलेस.

हे मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, ते तुला माहीतच आहे. सून चौथी शिकलेली, त्यामुळे माझं बोलणं ती इस्त्री करून कागदावर ठेवते. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मी म्हटलं, "अवं, असं लिहिलं तं माया मायले समजन काय हे कोण बोलून राह्यलं ते?" तर म्हणते, "तुमच्या मायले वाचता येत होतं काय?" लिही म्हटलं, तुला यायचं तसं लिही.

कारण असं झालं की तुझा नातू रंगूनला चालला आहे. माझा मोठा, इथे सेलूला मास्तर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत चार मास्तर मिळून ब्रह्मदेश पाहायला जाणार. पाहायला! आपण पोटामागे गेलो होतो, शेटजीच्या गोदामात बाबांना काट्यावर काम मिळालं म्हणून. लोक नुसतं पाहायला समुद्र ओलांडतील, हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घरी कामं नाहीत का त्यांना? पण पंधरा दिवस झाले, माझा मान वाढला आहे. चौघे मास्तर संध्याकाळी अंगणात येऊन बसतात, हातात वही, आणि मी बाजेवर. सेलूत रंगून पाहिलेली मी एकटीच ना. नऊ-दहा वर्षांची पोर होते, दोन पावसाळे राहून परत आले, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तरी मी असं सांगते जसं काही कालच उतरले.

मी त्यांना सांगितलं, जहाजात इंजिनाच्या बाजूला पथारी टाकू नका, तिथे फळ्या तापतात. आणि शिडीच्या तोंडाशीही नको, रात्रंदिवस लोक पायाखाली तुडवतात. पहिल्या दिवशी पोटात अन्न राहत नाही, तेव्हा भरपेट जेवू नका. छत्री वरच ठेवा, पेटीच्या तळाशी नको. तिथला पाऊस विचारून येत नाही. देवळाच्या पायऱ्यांशीच जोडा काढा, मोजेसुद्धा काढा. एक मास्तर म्हणाले, "मोजे कशाला, मोजे तं स्वच्छ असतात." मी म्हटलं, "गुरुजी, तुमचे मोजे मी पाह्यले हायेत." आणि दुपारी जाऊ नका, तिथली फरशी तव्यासारखी तापते, सकाळी जा. बुद्धाकडे पाय करून बसू नका. लेकराच्या डोक्यावर हात फिरवू नका, कितीही गोड दिसलं तरी. डोकं तिथे सगळ्यात वरचं, त्याला परक्याने शिवायचं नाही. कोणाला काही द्यायचं तर उजव्या हाताने, आणि डावा हात उजव्या कोपराला लावून. माझा पोरगा हे सगळं लिहून घेतो, खाली रेघ ओढतो. मला मनातून हसू येतं. जे मी रडतरडत शिकले, ते तो रेघ ओढून शिकतो.

डोक्याची गोष्ट मी कशी शिकले ते तुला तरी आठवतं का? भिंतीपलीकडे ती बाई राहत होती, चिरूट ओढणारी, गालाला लाकूड उगाळून लावणारी. तिच्या लहानग्याच्या डोक्यावर मी टपली मारली, आपल्याकडे लाडाने मारतात तशी. त्या बाईने तोंडातला चिरूट काढून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही मला खाते. तू धावत आलीस. तिची भाषा तुला येत नाही, तुझी तिला येत नाही. तू काय केलंस, माझ्याच डोक्यावर एक ठेवून दिलीस, आणि तिच्याकडे पाहून हात जोडलेस. ती हसायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने चहाच्या पाल्याचं लोणचं आणून दिलं. चहाची पानं खातात तिकडे, हे मास्तरांना अजून खरं वाटत नाही. तू एक घास खाल्लास आणि तोंड वाकडं न करता म्हणालीस, "चांगलं हाये, पण उद्या आणू नोको." ती रोज आणायला लागली.

परवापर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. परवा पोराला वर्ध्याच्या दवाखान्यात पटकीची सुई टोचायची होती. ती टोचल्याचा कागद असल्याशिवाय जहाजात घेत नाहीत म्हणे. मीही गेले, बाजारात काम होतं म्हणून. सुई टोचणारी नर्सबाई तरणी, बडबडी. टोचता टोचता म्हणाली, "गुरुजी, इतकं करूनही कोणाला पटकी झालीच, तर पाणी बंद करू नका. जुन्या लोकांची ती खोड. अंगातलं पाणी जातं म्हणून तर माणूस जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत घोट घोट पाजत राहा." पोरगा म्हणाला, "हो." मी बाकावर बसले होते. मला उठता येईना. पोराला वाटलं, सुई पाहून म्हातारी घाबरली. येताना मोटारीत सगळ्यांना सांगत होता, "सुई मला, चक्कर आईला."

आणि काल संध्याकाळी त्याने वही उघडली आणि विचारलं, "आई, दोन-चार शब्द सांग तिकडचे. पहिल्यांदा सांग, पाण्याला काय म्हणतात? परक्या मुलखात तोच शब्द आधी लागतो."

मी म्हटलं, "विसरली बाप्पा."

तुझी लेक आहे, त्याला खरं वाटलं. पण माय, मी काहीच विसरत नाही, तीच माझी खोड आहे.

तुझ्या जाण्याची गोष्ट मी या घरात सगळ्यांना सांगितली आहे. पोरांना, सुनेला, नातवंडांना. मी सांगते की माझी माय रंगूनला पटकीने गेली, बाबा डॉक्टर आणायला गेले होते, घरात मी एकटी. शेवटी मायने डोळे उघडले आणि म्हणाली, "ये." मी जवळ गेले, हात हातात घेतला, म्हटलं, "आली ना माय." आणि ती गेली. ऐकणारे डोळे पुसतात. पोरगा तर म्हणतो, "आजीचा शेवटचा शब्द किती चांगला, लेकीला जवळ बोलावलं."

तिकडे पाण्याला 'ये' म्हणतात.

हे आपल्या दोघींना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तू अंगणात उभी राहून मला हाक मारलीस, "ये वो पोरी, ये!" आणि भिंतीपलीकडची बाई तांब्या भरून पाणी घेऊन धावत आली. तू म्हणालीस, "बोलावलं पोरीले, आलं पाणी! लय चांगली भाषा हाये यायची." पुढे तो आपला खेळच झाला. तू मुद्दाम तिला "ये" म्हणायचीस, ती पाणी आणायची, तू तिला बसवून घ्यायचीस, म्हणजे बोलावणंही झालं आणि पाणीही झालं. विहिरीवर पाणी मागायला मी रोज हाच शब्द वापरत होते.

त्या दिवशी सकाळपासून तुझं अंग गळून गेलेलं. बाबा निघताना मला दारात थांबवून म्हणाले, "पाणी मांगन ते. देजो नोको. पाणी पोटात गेलं का उलटते अन् जीव जाते. समजलं काय?" मी मान हलवली. गोदामात कोणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. त्यांची चूक नाही, तेव्हा सगळेच तसं म्हणत. ते गेल्यावर तू मागितलंस. "पाणी दे वो माये." मी म्हटलं, "बाबा नाई म्हणते." तू पुन्हा मागितलंस, आणि पुन्हा. मग तू माझ्याकडे पाहणं सोडलंस. तोंड त्या लाकडी भिंतीकडे केलंस आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून म्हणालीस, "ये… ये…"

दुपारचं ऊन दारात आलेलं, अजून दिसतं मला. ती बाई नारळाच्या करवंटीत पाणी घेऊन दारात उभी आहे. मी दारात आडवी झाले आहे. तिला मी आपल्या भाषेत सांगते आहे, "मले बोलवून राह्यली, मले. पाणी नाई मांगत." तिला एक अक्षर कळत नाही. ती माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे पाहते आहे. मी दार लावून घेते, कडी घालते, तुझ्याजवळ येऊन बसते आणि मोठ्याने म्हणते, "आली ना माय, आली." म्हणजे तिलाही ऐकू जावं आणि मलाही.

तू माझ्या हातातून हात काढून घेतलास. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

बाबा परतले तेव्हा ती बाई उंबऱ्याबाहेर बसलेली होती, करवंटी तशीच भरलेली. तिने बाबांना काही सांगितलं नाही; सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. डॉक्टर दारातूनच परत गेला. बाबांनी मला विचारलं, "पाणी तं नाई देल्लं?" मी म्हटलं, "नाई." ते म्हणाले, "शहाणी पोर हाये माई." तेच मी आजवर सांभाळलं, शहाणी पोर. चार लोकांत तुझी गोष्ट सांगत राहिले आणि दर वेळी ती थोडी गोड होत गेली. इतकी, की मधली कित्येक वर्षं मलाच ती खरी वाटत होती.

सुनेने लेखणी थांबवली आहे. म्हणते, "आत्याबाई, हे लिहू काय?" लिही. आता पोरगा वही घेऊन रंगूनच्या रस्त्याने फिरेल आणि पहिल्याच चहाच्या दुकानात कोणी पोर त्याच्यासमोर गिलास ठेवून तो शब्द म्हणेल. तो मास्तर आहे, त्याला कळायला वेळ लागणार नाही. गिलास समोर, शब्द कानात, आणि आजीची गोष्ट. परक्या मुलखात एकट्याने त्याने ते समजून घ्यावं, हे मला बरं वाटत नाही. पण त्याच्या तोंडावर सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून तुला सांगते आहे. तू काही मला उलटून बोलणार नाहीस. एवढं जिणं गेलं, कधी बोलली नाहीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, सूनबाई. कागद माझ्या लुगड्यांच्या खाली ठेव. जिथे माझ्या मायला जाळलं तो नदीचा काठ मला सांगताही यायचा नाही, मग पत्ता कोणता लिहिशील? तू एवढं कर, त्याच्या पेटीत आंबिलीसाठी जवारीचं पीठ बांधून दे, जाडं नको, चाळून. ताकही लागणार नाही, नुसतं मीठ आणि जिरं वेगळ्या पुडीत दे. म्हणावं, तिकडे नदीच्या काठी कोणाच्या तरी चुलीवर आजीच्या नावाने शिजव, आणि चांगली पातळ कर, पिता येईल अशी. पाणी मात्र इथून नेऊ नको म्हणावं, तिथलंच माग. कसं मागायचं ते तू सांगू नको. जेवण झालं की हात धुऊन ये म्हण त्याला, ते मीच सांगते.