मामाचं मंगलाष्टक आणि बिस्किटाएवढी खिडकी

नाशिक,
११ डिसेंबर २००७

चि. राजू यास,

उजवा अंगठा सोडून उरलेल्या सर्वांगाने अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या बायकोची सर्दी गेली का? दोघांची प्रकृती ठणठणीत असेल तरच पुढचा मजकूर वाचा, नाहीतर आधी काहीतरी खाऊन घ्या. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अंगठा खुशाल नाही.

या अंगठ्यानं बावन्न वर्षं मला निमूट साथ दिली. त्यानं भाकऱ्या थापल्या, लसूण सोलला, शेंगा फोडल्या, कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. आणि तू पाठवलेल्या मोबाईलच्या मधोमध असलेल्या त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या बटणानं त्याची कारकीर्द संपवली. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होता? म्हटलं, वाचत होते. ते म्हणाले, अंगठ्यानं? (डॉक्टर तरुण आहेत. त्यांना अजून पुष्कळ बघायचंय.) आता अंगठ्याला लेप आणि पट्टी, आणि लेखणी दोन बोटांच्या चिमटीत. अक्षर तिरपं आलं असेल तर तूही मान तिरपी करून वाच. तुझं लिखाण वाचताना मी तेच करत होते.

तुला आठवत असेलच (नसेल तर मंगलाताई आठवण करून द्यायला समर्थ आहे) की ताईच्या रोशनीच्या लग्नाला तिचा एकुलता एक मामा, म्हणजे तू, येणार नाहीस हे आम्हाला ऐन पत्रिका वाटून झाल्यावर कळलं. तुझ्या कंपनीचं काहीतरी नेमकं त्याच दिवशी 'लाइव्ह' जाणार होतं. इथे तुझी भाची लाइव्ह जात होती, पण तिला कोण विचारतो. मंगलाताई रडली नाही, ओरडली नाही. तिनं रुखवताचे लाडू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरले आणि मग परत पहिल्या डब्यात. आपल्या घरात हे शेवटचं हत्यार, तुला ठाऊक आहे. मग तुझा फोन आला की मी येत नाही पण माझी मंगलाष्टकं येतात, स्वतः रचलेली, पाच श्लोक. त्यावर ताई मला एवढंच म्हणाली, "लली, त्याचं मंगलाष्टक माझ्या कानांवर नीट पडलं तर तो आला असं मी धरीन. नाहीतर भाऊबिजेला त्यानं माझ्या दारात पाट मागू नये." नात्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टक मीच म्हणते (सुरांबद्दल दोन मतं आहेत, पण माईक बंद पडला तरी माझं अडत नाही याबद्दल एकच), त्यामुळे तुझ्या पुढच्या सगळ्या भाऊबिजा माझ्या गळ्यात येऊन पडल्या.

आता पाच श्लोक पाठवायला शहाणा माणूस काय करतो? कागदावर लिहितो आणि पाकिटात घालतो. पण तू संगणकातला. तू म्हणालास, "ललीताई, कागद हरवतो. मी नेटवर टाकतो, तू मोबाईलवर कुठूनही वाच." या 'कुठूनही'वर माझा फार राग आहे. आमच्या घरात ते पान फक्त न्हाणीघराच्या खिडकीत उघडायचं, तेही मी बादलीवर उभी राहिल्यावर. पहिल्या दिवशी उघडलं तर पाचही श्लोक चौकोनांत! सगळे एका मापाचे, शिस्तीत, ओळीनं मांडलेले. मला वाटलं, तू श्लोकांच्या जागी फरशीचा नमुना पाठवलास. समोरच्या अब्बासभाईंना दाखवलं. (ते तुला माहीत नसतील. तू बंगळूरला गेल्यावर ते आमच्या समोर राहायला आले. इथल्या द्वारका चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि ज्याला घड्याळ कळतं त्याला मोबाईलही कळतो असा आमच्या गल्लीचा समज आहे. तो खोटा आहे हे ते स्वतः सांगतात, पण गल्ली ऐकत नाही.) त्यांनी फोन उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला आणि म्हणाले, "ताई, याला मराठी येत नाही." मी म्हटलं, मग येतं काय? म्हणाले, "चौकोन येतात."

हे तुला कळवल्यावर तू वहीच्या पानाचा फोटो काढून तोच नेटवर चढवलास. अक्षरं दिसली, हे मान्य. पण फोटो तुझ्या कचेरीतल्या पडद्याच्या मापाचा आणि माझी खिडकी बिस्किटाएवढी. सबंध पान बघावं तर अक्षरांची खसखस, आणि मोठं करावं तर एका वेळी साडेतीन शब्द. 'गोदेच्या तिरि आज मं' एवढं दिसायचं आणि 'डप' उजवीकडे पसार व्हायचा. मग ते बटण दाबत त्याच्या मागे जायचं. ओळ संपली की तेवढंच डावीकडे परत यायचं, आणि येताना नेमकी एक ओळ खाली उतरायचं. हे एक ओळ उतरणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. कधी मी त्याच ओळीवर परत, कधी दोन ओळी खाली, एकदा तर पानाच्या बाहेर कुठेतरी पांढऱ्या माळरानावर, जिथून मला अब्बासभाईंनी शोधून आणलं. त्यात दिवा. दर थोड्या वेळानं फोन आपला दिवा मालवून घेतो. का, तर म्हणे वीज वाचते. आपली आई पण आपण अभ्यासाला बसलो की हेच करायची, पण तिला निदान विनंती करता यायची.

(एवढ्या खटाटोपापेक्षा कागदावर उतरवून का घेतलं नाहीस, असं तू विचारशील. हा प्रश्न मला आत्ता, कागदावर हे पत्र लिहिताना पडला. हा विषय तू पुन्हा काढू नयेस.)

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेळेच्या फार आधी आलं. मयूर, आपला जावई, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात आहे, पण द्वारकेचा चौक त्यालाही जमिनीवरूनच ओलांडावा लागतो, आणि त्या चौकाच्या धास्तीनं ती मंडळी इतकी लवकर निघाली की आमची रांगोळी व्हायच्या आत दारात हजर. त्यामुळे मुहूर्ताला अवकाश असतानाच सगळं मांडून तयार. मुलीच्या आईनं अंतरपाट बघायचा नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं, ही आपली रीत. म्हणून मंगलाताई तांब्या घेऊन कार्यालयाच्या मागच्या अंगणात, आणि कर्णा बरोबर तिच्या डोक्यावर. म्हणजे तिला दिसणार काही नव्हतं आणि ऐकू मात्र सगळं येणार होतं. मग गुरुजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुझं नाव कुणी घेतलं नाही, पण ते इतक्या जोरात घेतलं नाही की मला ऐकू आलं. रोशनीच शेवटी मागे वळून म्हणाली, "अब्बासमामा, चला ना." ते बिचारे पंगतीसाठी पाण्याचे जग भरत होते. जग खाली ठेवला, हात रुमालाला पुसले आणि येऊन तिच्या मागे उभे राहिले.

मी फोन उघडला. पान वरून खाली, सरबतात सब्जा फुगावा तसं हळूहळू येत होतं. गुरुजींनी आपले दोन श्लोक म्हटले, मग ते दोन श्लोक लांबवले, मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी सुरू केलं, 'गोदेच्या तिरि आज मं', आणि 'डप' येईपर्यंत त्या 'मं'वर अशी काही तान घेतली की नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, वा! 'सजे'पर्यंत आले, पुढे ढकललं, आणि अंगठा दोन ओळी खाली घसरला. तुझी ओळ होती 'गोदेच्या तिरि आज मंडप सजे, ती रोशनी लाजते'. मी म्हटली, 'गोदेच्या तिरि आज मंडप सजे, पंखावरी बैसुनी'. (जावई विमानाच्या कारखान्यातला म्हणून तुझी ही विमानाची कल्पना.) सगळ्या मंडपानं मान वर करून छताकडे पाहिलं. अब्बासभाई रोशनीच्या खांद्यावरून कुजबुजत होते, "वर, ताई, वर! आता उजवीकडे! अहो, फार झालं!" लोकांना आणि रोशनीलाही वाटलं ते मुलीला उभं राहायला जागा सांगताहेत, त्यामुळे रोशनी प्रत्येक सूचनेबरोबर सरकत होती.

मग दिवा मालवला. मी घाबरून ते बटण जोरात दाबलं आणि पान थेट तळाला गेलं. तळाला तू, माझ्या सोयीसाठी म्हणून, गुरुजींचा शेवटचा 'तदेव लग्नं' लिहून ठेवला होतास. डोळ्यांना दिसलं ते तोंडानं म्हटलं. पुढचं काय सांगू? 'तदेव' ऐकल्यावर अंतरपाट धरणारे थांबतात का? त्यांनी पाट खाली सोडला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा पाऊस पडला, आणि रोशनीनं घाईघाईत घातलेली माळ मयूरच्या एका कानाला अडकली. गुरुजी ओरडताहेत, "अहो धरा! धरा तो पाट! मुहूर्त व्हायचाय!" पाट पुन्हा धरला. नवरा-नवरीनं एकमेकांना पाहिलं त्याचं काय, असं मुलाकडच्या एका काकांनी विचारलं, तेव्हा रोशनीची मैत्रीण म्हणाली की गंगापूर रोडला दोन वर्षं तेच चाललंय. माळ काढावी की ठेवावी यावर दोन्हीकडचे वडीलधारे बोलू लागले. गुरुजींनी निकाल दिला, माळ कानावर राहील, लग्न मात्र अजून लागायचंय. आणि या सगळ्या गलक्यात मागच्या अंगणातून ताईचा आवाज आला, "लली! राजूचं झालं का गं?"

राजू, झालं म्हणावं तरी काय? तिच्या कानांवर तुझं काय गेलं होतं? एक मंडप, तोही पंखावर बसलेला. गुरुजी म्हणाले, बाई, वेळ आहे, अजून एक होऊन जाऊ द्या. मी फोन डोळ्यांसमोर धरला, देवाची कृपा, आणि तुझा तो रुसव्याचा श्लोक अडखळल्याशिवाय म्हटला:

मामा दूर असे तरी मन इथे दारात आहे उभे,
ताई, तू रुसवा धरून बसशी, हे शोभते का तुला?
आता अक्षत टाक हासत जरा, कुर्यात् सदा मंगलम्!

यमक जुळत नाही, हे मोठी बहीण म्हणून तुला सांगायलाच हवं. चौथी ओळ तर कुठे दिसलीच नाही. पण अंगणात तांब्या पडल्याचा आवाज आला, मग हसण्याचा, आणि मग बराच वेळ नाक शिंकरण्याचा. मुहूर्तावर लग्न लागलं. ताई आत आली ती डोळे पुसत, आणि मला म्हणाली, "आला गं बाई एकदाचा." जेवताना तिनं ताट घेऊन जिलब्या स्वतः वाढल्या. लाडवांचे डबे जागच्या जागी आहेत. तुझी भाऊबीज सुटली.

कळावे, लोभ असू दे, आणि पुढच्या वेळी कागद असू दे.

तुझी,
ललीताई

ता. क. एवढं वाचून तू डोकं खाजवत असशील की हा रुसव्याचा श्लोक आपण कधी लिहिला. लिहिला नाहीस. फोन त्याआधीच बंद पडला होता. बॅटरी संपल्याचं त्यानं इंग्रजीत कळवलं आणि डोळे मिटले. अब्बासभाई हळूच म्हणाले, "ताई, बंद फोनात बघूनच म्हणा. कुणाला काय दिसतंय?" म्हणून म्हटलं. यमकाबद्दल वर जे बोलले ते सगळं मागे घेते. समोर नवरदेवाच्या कानाला माळ लटकत असताना तू जुळवून बघ.

ता. क. दुसरा. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. रविवारी ताई तुला फोन करणार आहे. ती तो श्लोक पाठ म्हणून दाखवेल आणि रडेल. तू "हो ताई, सहज सुचलं" एवढंच म्हणायचंस. तिसरी ओळ सुधारायला जाऊ नकोस. तुझे खरे पाच श्लोक मी अजून पूर्ण पाहिलेले नाहीत. ते चांगले असतील असं मी धरून चालते, तूही तसंच चाल.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. लग्न लागल्यावर मुलीच्या मामाला द्यायचा मान, टॉवेल, टोपी आणि नारळ, ताईनं तुला पार्सल करायला माझ्याकडे दिला होता. तो मी काल समोरच्या घरी देऊन आले. अब्बासभाई नको नको म्हणत होते. त्यांच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, आतून सांगितलं, "ठेवून घ्या, उभे तुम्हीच होता ना?" तेव्हा त्यांनी घेतला. ताई विचारेल, तेव्हा टोपी अगदी बरोबर बसली असं सांग. मी बघून आले आहे, बसते.