बंद मशीन ज्याने चालू केले, त्याच्या नावे

मी, उत्तरेश्वर सोपान तळेकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा लोखंडी फॅब्रिकेशन, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे मन शाबूत आहे. डोके मात्र गेला महिनाभर चक्रावलेले आहे. हे चालेल का, असे मी वकीलबाई ॲड. आनंदी कुलथे यांना विचारले. "कायद्याला चालतं, लिहा पुढे," असे त्या म्हणाल्या.

येत्या सोमवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर एकदा म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. ते सारखे तेच म्हणतात, म्हणून हा कागद.

कलम १. वारज्यातील फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी पत्नी सौ. द्वारका हिचे. त्यात कोणी लुडबूड करू नये. ती तशीही करू देणार नाही.

कलम २. मुलगी रुपाली, राहणार कोथरूड, हिला लग्नात करून दिलेला लोखंडी झोपाळा तिच्या बाल्कनीत मावत नाही म्हणून आमच्याकडे पडून आहे. तो तिने न्यावा. बाल्कनी लहान पडत असेल तर मोठ्या बाल्कनीचे घर घ्यावे. नवराबायको दोघेही आयटीत आहेत.

कलम ३. आमच्या सोसायटीचे गेट मी फुकट करून दिले. ते कुरकुरते अशी लेखी तक्रार चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे केली. त्यांना माझी तेलाची कुपी द्यावी. वापरायची कशी हेही सांगावे.

कलम ४. आता मूळ विषय. बिबवेवाडीतील माझ्या मालकीच्या गाळ्यात डिझेल इंजिनवर चालणारे वेल्डिंग मशीन आहे. जिथे वीज नाही तिथे असे मशीन नेऊन काम करता येते. हे मी जुने घेतले. टेंपोतून पडल्यामुळे त्याची एक बाजू चेपली होती. इंजिन सुरू व्हायचे, धूर सोडायचे, पण वेल्डिंगला करंट म्हणून द्यायचे नाही. माझे तेव्हाचे भागीदार श्यामसुंदर खळदकर म्हणाले, "हे भंगार आहे रे. ह्याला जन्मात ठिणगी येणार नाही. हे आणलंस तर मी चाललो." मी आणले. ते गेले. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस भागीदार म्हणून फार तापदायक असतो.

मग मी एकट्यानेच दुरुस्तीला घेतले. वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तपासून आणले, वायरी बदलल्या, चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला. चार वर्षे गेली. दर खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर त्यालाही झेंडू वाहिला. "ते कुठे काम करतंय, त्याला कशाला हळदकुंकू?" असे द्वारका दरवर्षी म्हणाली आणि दरवर्षी तिनेच लावले.

ऑक्टोबरात तपासण्यांसाठी मी दवाखान्यात भरती होतो. घरी सोडल्यावर गाळ्यावर गेलो, सवयीने इंजिन सुरू केले, वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला आणि लख्ख ठिणगी उडाली. मी दचकून रॉडचा होल्डरच खाली टाकला.

आपोआप दुरुस्त होणारे मशीन मी आजवर पाहिलेले नाही. उघडून बघितले. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागावर घासणारे तुकडे, नवे होते. वायरीच्या जोडावर टेप उलटी गुंडाळली होती, डावखुरा माणूस गुंडाळतो तशी. श्यामसुंदर डावखुरे आहेत. वायंडिंगवाल्याने सांगितले की मशीन फार दिवस बिनकामाचे पडले की आतली चुंबकशक्ती जाते, आणि बाहेरून बॅटरीचा करंट क्षणभर दिला की परत येते. मला हे माहीत नव्हते. घरी येऊन पाहतो तर द्वारकाच्या स्कूटरच्या बॅटरीचा एक स्क्रू गायब. गाळ्याची दुसरी किल्लीही तिच्याकडेच असते. तिला विचारले तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? गोळी घेतलीत का?"

रुपालीला विचारले. "बाबा, चालू झालं ना? मग चिल करा ना! रूट कॉज कशाला शोधताय?"

शेवटी श्यामसुंदर यांनाच फोन लावला.

"आपण माझ्या मशीनला हात लावलात का?"

"आपल्या भंगाराला हात लावायला मला दुसरे उद्योग नाहीत का?"

"मग ते चालू कसं झालं?"

पलीकडे ते आधी खोकले. मग म्हणाले, "ऑपरेशन कधी आहे?" ऑपरेशनचे मी घराबाहेर कोणालाच सांगितले नव्हते. मी फोन ठेवून दिला.

मला काहीच समजेनासे झाले आहे. तेच असतील तर हरलो म्हणावे लागेल म्हणून लपवतात का? पण मग दुरुस्त केलेच कशाला? माझी कीव आली म्हणून? तसे असेल तर मला ती ठिणगी नको. आणि ते नसतीलच, तर कोण? झोपताना एक उत्तर पटते, उठल्यावर दुसरे.

कलम ५. माझ्यामागे गाळा बंद पडू नये. द्वारकाचे पोट त्यावर आहे. म्हणून गाळा आणि मशीन, ज्याने मशीन चालू केले त्याला द्यावे, आणि द्वारका आहे तोवर उत्पन्नातला अर्धा वाटा तिला मिळावा. वकीलबाई म्हणतात, नाव लिहा. श्यामसुंदर यांचे लिहिले आणि त्यांनी "माझा संबंध नाही" म्हणून नाकारले, तर गाळ्याला कुलूप लागेल. दुसऱ्याचे लिहिले आणि तेच असले, तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही. म्हणून नावाची जागा मोकळी सोडली आहे. वकीलबाई नाराज आहेत.

कलम ६. एक साक्षीदार शेजारच्या सुशीलाबाई दांगट. दुसरा कोण, असे विचारले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, ओळखीचा, पण मालमत्तेशी संबंध नसलेला माणूस बघा. संबंध नाही असे श्यामसुंदर स्वतःच म्हणतात, म्हणून त्यांचे नाव खाली लिहून त्यांनाच बोलावले. आले. माझ्याकडे न बघता चहा घेतला.

कलम ७. हे कलम आत्ता, सर्वांसमोर लिहीत आहे. वकीलबाईंनी सगळा कागद मोठ्याने वाचला आणि श्यामसुंदर यांच्या हातात पेन दिले. "साक्षीदाराने ह्यातलं काही घेऊ नये असा आमचा दंडक आहे. तुम्हाला काही मिळणार नाहीये ना?" त्यांनी पेन उघडले, कागदावर टेकवले आणि तसेच धरून बसले. मग टोपण लावून टेबलावर ठेवले.

"दुसरा साक्षीदार बघा," ते म्हणाले.

द्वारका तोंडाला पदर लावून आत गेली. मला रडू आले. तसे लिहावे की नाही हे मी वकीलबाईंना विचारले नाही.

"आणि हे बघ," श्यामसुंदर मला म्हणाले, "तापलं की ते अजून बंद पडतं. बरा होऊन ये. एकट्याचं काम नाही ते."

कलम ५ मधील मोकळ्या जागी मी नाव लिहिले आहे: श्यामसुंदर विठोबा खळदकर.

ठिकाण: वारजे, पुणे
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

सही: उत्तरेश्वर सोपान तळेकर

साक्षीदार १: सुशीलाबाई दांगट (सही)

साक्षीदार २: श्यामसुंदर खळदकर (खोडले), त्याऐवजी शंभू मोकाटे, तळमजला (सही)

वरील खाडाखोड मी स्वतः केली असून ती मला मनापासून मान्य आहे. उ. सो. तळेकर